मॅकेनाज गोल्ड: बाबांनी सांगितलेला सिनेमा जास्त भारी होता

भरदुपार

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच. ज्यांना हा सिनेमा जिवापाड आवडतो त्यांनी रागावू नका, मलाही तो आवडायचा, न बघताच.

आमच्याकडे कराडजवळ लोडशेडिंग असायचं तेव्हाची गोष्ट. रात्री आठ ते दहा लाईट नाही म्हणजे नाही. आई गच्चीवर सतरंजी टाकायची आणि बाबा सिनेमे सांगायचे. बाबांनी पुण्यात हॉस्टेलला असताना भरपूर इंग्लिश सिनेमे बघितले होते आणि त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे मॅकेनाज गोल्ड. हा सिनेमा सांगायला त्यांना तीन रात्री लागायच्या. मॅकेना हा मार्शल, म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी, त्याला वाळवंटात अपाची जमातीचा म्हातारा भेटतो, त्याच्याकडे सोन्याच्या दरीचा नकाशा असतो, मॅकेना तो एकदा बघतो आणि जाळून टाकतो, आणि नेमका तेव्हाच दरोडेखोर कोलोराडो तिथे पोचतो. आता नकाशा फक्त मॅकेनाच्या डोक्यात! इथे बाबा थांबायचे आणि म्हणायचे, उद्या.

तिसऱ्या रात्री सावली यायची, सोन्याच्या दरीचा रस्ता दाखवणारी. बाबा खोबरेल तेलाची बाटली गच्चीच्या कोब्यावर उभी ठेवायचे, मागे टॉर्च धरायचे आणि टॉर्च हळूहळू खाली आणायचे. बाटलीची सावली लांब लांब होत जायची, कोब्यावरून सरकत सरकत समोरच्या कठड्यावर चढायची आणि कठड्याला जी उभी चीर गेली होती तिच्यावर जाऊन थांबायची. बाबा कुजबुजायचे, "हाच रस्ता." मी आणि बहीण श्वास रोखून त्या चिरेकडे बघायचो. पुढे कित्येक दिवस त्या चिरेत बोट घालून बघायचो आत काही लागतं का.

तर गेल्या महिन्यात शेवटी बघितला. मोठा टीव्ही घेतलाय, प्रिंट स्वच्छ मिळाली, मुद्दाम शनिवारी रात्री सगळी कामं आटपून बसलो. आणि काय सांगू, अर्ध्या तासात मन खट्टू व्हायला लागलं.

सुरुवात छानच आहे. गिधाड आभाळात घिरट्या घालतंय, खाली लाल दगडांचे सुळके, मागे होझे फेलिसियानोचं गाणं, संगीत क्विन्सी जोन्सचं. पण मग माणसं घोड्यावर बसली की दर थोड्या वेळाने कळतं की घोडा पुढे नाहीच चाललाय, मागे पडद्यावर फिल्म फिरतीये आणि हिरो स्टुडिओत हलतोय. एका शॉटमधे खरंखुरं वाळवंट, लगेच पुढच्या शॉटमधे रंगवल्यासारखा उजेड. शेवटी दरी कोसळते तेव्हा तर ते खेळण्यातले डोंगर आहेत हे लहान पोरालाही कळेल. १९६९ चा सिनेमा आहे, तेव्हाची मर्यादा असेल म्हणावं, पण त्याच्या आधीचे लॉरेन्स ऑफ अरेबियासारखे सिनेमे आजही बघताना अंगावर येतात, त्यामुळे ती सबब मला पटत नाही.

पण माझं खरं दुःख ते नाहीये. माझं दुःख ग्रेगरी पेक आहे.

पेक माझा अत्यंत आवडता नट. टू किल अ मॉकिंगबर्डमधला वकील बाप, ज्याच्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं, रोमन हॉलिडेमधला पत्रकार. हा माणूस नुसता उभा राहिला तरी खोलीतला उजेड बदलतो असं मला वाटतं. आणि इथे तो दोन तास उभाच आहे. मॅकेनाला काय पाहिजे हेच सिनेमा सांगत नाही. त्याला सोनं नको, सोन्यावर त्याचा विश्वासच नाही. त्याला पकडलंय म्हणून तो चालतो, बंदूक रोखलीये म्हणून रस्ता दाखवतो. इंगा नावाची पोरगी ओलीस आहे, तिला वाचवायचंय हे खरं, पण तेही कोणीतरी शेवटच्या क्षणी कथेत डकवल्यासारखं. उलट ओमर शरीफचा कोलोराडो बघा, त्याला सोनं पाहिजे, पॅरिसला जाऊन साहेबासारखं जगायचंय, तो हसतो, चिडतो, नाचतो, सगळा सिनेमा त्याचाच होऊन जातो. हिरोला काही नको आणि व्हिलनला सगळं पाहिजे, मग आपण बघायचं कोणाकडे?

आणि ती सावली. मी तिची वाट बघत बसलो होतो. आली, आणि गेली. कॅमेरा गदगदा हलतो, संगीत चढतं, सावली भराभर पळते, लगेच सगळे घोडे दौडवत सुटतात. गच्चीवर जी शांतता होती ती कुठेच नव्हती.

बाबांना अजून सांगितलेलं नाही मी बघितला म्हणून. सांगवत नाहीये.

जुनीरीळ

भरदुपार, फार मनापासून लिहिलंय. वाचताना माझ्या काकांची आठवण झाली, तेही असेच सांगायचे, फक्त बाटलीच्या जागी उदबत्तीचं घर.

पेकबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं आणि त्यात भर घालतो, कारण ह्या सिनेमामागची माणसं बघितली की हळहळ अजून वाढते. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. ह्याच माणसाने पेकला घेऊन १९६१ ला गन्स ऑफ नॅव्हरोन केला आणि १९६२ ला केप फिअर. म्हणजे पेककडून काम कसं काढून घ्यायचं हे त्याला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. लेखक आणि निर्माता कार्ल फोरमन, नॅव्हरोनही त्यानेच लिहिला होता. आणि त्याच्याबरोबरचा निर्माता कोण, तर संगीतकार दिमित्री टियोम्किन.

आता फोरमन आणि टियोम्किन ही दोन नावं एकत्र घेतली की वेस्टर्नवाल्याला, म्हणजे घोडे-बंदुकांचे अमेरिकन सिनेमे बघणाऱ्याला, एकच सिनेमा आठवतो, १९५२ चा हाय नून. फोरमनची पटकथा, टियोम्किनचं संगीत. आणि गंमत नाही, चुटपुट लावणारी गोष्ट अशी की हाय नूनमधला मार्शल आधी पेकला विचारला होता. पेक नाही म्हणाला, कारण दोनच वर्षं आधी त्याने गनफायटर केला होता आणि त्याला वाटलं हे तेच पुन्हा होतंय. गॅरी कूपरने तो रोल केला आणि ऑस्कर नेलं. म्हणजे जी भेट १९५२ ला व्हायची होती, ती इतक्या वर्षांनी मॅकेनाज गोल्डमधे झाली, आणि ती अशी झाली!

हाय नूनमधे काय आहे? गुंड गावात येतोय, मार्शल दारोदार फिरून मदत मागतो, आणि अख्खं गाव दारं लावून घरात बसतं. फोरमनवर तेव्हा कम्युनिस्ट म्हणून चौकशी चालली होती, मित्र तोंड फिरवत होते, ते सगळं त्या कथेत उतरलंय. पुढे त्याला देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. आता मॅकेनाज गोल्डमधे बघा, तेच गाव पुन्हा येतं! कोलोराडोचा एक माणूस कुठेतरी बडबडतो आणि गावातली सभ्य मंडळी घोड्यावर बसून हजर, पाद्री आहे, दुकानदार आहे, संपादक आहे. मार्शलच्या मदतीला जे बाहेर पडले नाहीत ते सोनं म्हटल्यावर बाहेर पडले. गावाचं नाव हॅडलीबर्ग ठेवलंय, ते मार्क ट्वेनच्या एका कथेतलं, तिथेही एक अतिशय प्रामाणिक म्हणवणारं गाव सोन्याच्या थैलीपायी उघडं पडतं. म्हणजे फोरमनला काय म्हणायचं होतं ते अगदी स्पष्ट आहे हो. केवढा मोठा सिनेमा झाला असता तो!

आणि ह्या मंडळींच्या रोलला नट कोण घेतलेत बघा. ली जे. कॉब, रेमंड मॅसी, बर्जेस मेरेडिथ, अँथनी क्वेल, इलाय वॉलक, आणि आंधळ्या म्हाताऱ्या अ‍ॅडम्सच्या रोलमधे एडवर्ड जी. रॉबिन्सन. एकेकाच्या नावावर सिनेमा चालेल अशी माणसं. येतात, एकेक वाक्य बोलतात आणि पाणवठ्यावर घोडदळाच्या गोळीबारात जवळजवळ सगळे जातात. नावं पण लक्षात राहत नाहीत.

ह्याला कारण आहे. सिनेमा मुळात जवळजवळ तीन तासांचा होता, मधे इंटरव्हल असलेला, सिनेरामाच्या मोठ्या पडद्यासाठी ठरवलेला. मग कापून कापून १२८ मिनिटांवर आणला. जिथे कात्री लागली तिथे निवेदकाचा आवाज टाकला. तुम्हाला इंगाचं प्रकरण डकवल्यासारखं वाटलं ते त्यामुळेही असेल. कापताना सोन्याची धाव ठेवली आणि माणसं काढली.

मावळतीकर

दोघांचंही वाचलं. मी वयाने तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे त्यामुळे त्यांच्या वतीने चार शब्द लिहितो.

हा सिनेमा अमेरिकेत पडला आणि आपल्याकडे तुफान चालला. नुसता चालला नाही, पुन्हा पुन्हा लागत राहिला, वर्षानुवर्षं. मी स्वतः तीनदा बघितला, एकदा कॅम्पातल्या टॉकीजला, एकदा मुंबईत मामाकडे गेलो होतो तेव्हा आणि एकदा बायकोला घेऊन. इंग्लिश आम्हाला तेव्हा किती कळायचं? काही नाही कळायचं. पण ह्या सिनेमात काही अडलं नाही. नकाशा, सोनं, लबाड हसणारा दरोडेखोर, दोन बाया एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, भूकंप, आणि शेवटी ज्याला सोनं नको होतं त्याच्याच खोगिराच्या थैलीत सोनं. थिएटरात तो शेवटचा शॉट आला की शिट्ट्या वाजायच्या, पब्लिक एकमेकांना ओरडून सांगायचं, थैलीत आहे, थैलीत आहे!

मला वाटतं ह्याचं कारण आपल्या गोष्टींतच आहे. आमच्या गावाला प्रत्येक पडक्या वाड्यात गुप्तधन होतं आणि प्रत्येक गुप्तधनावर राखणदार होता. हंड्यावर वेटोळं घालून बसलेला भुजंग. जो हावेने जाईल त्याचं वाटोळं, आणि ज्याला नको त्याला देव आपणहून देतो. माझी आजी हे इतकं रंगवून सांगायची. मॅकेनाज गोल्ड ही आजीची गोष्ट आहे, फक्त घोड्यावर बसवलेली. अपाचींची देवता सोनं राखतीये, टोळीतला अपाची हाचिता मधेच सगळ्यांवर उलटतो कारण देवतेने त्याला सांगितलं, आणि मॅकेना हा तो नको म्हणणारा माणूस. तुम्ही म्हणता मॅकेनाला काही पाहिजे नाही. अहो म्हणूनच तर त्याला मिळतं!

त्यामुळे पेक वाया गेला हे मला पटत नाही. तो दगडासारखा स्थिर आहे म्हणून बाकीच्यांची हाव दिसते. आणि दिसायला काय होता हो. देव आनंदला लोक भारताचा ग्रेगरी पेक म्हणायचे, त्यात सगळं आलं.

वडिलांना सांगा जरूर. लपवून ठेवू नका.

भरदुपार

मावळतीकर काका, गुप्तधनाचं वाचून मी खरंच थांबलो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा सांगायचे तेव्हा हाचिताला ते "राखणदार" असंच म्हणायचे! आत्ता तुमचं वाचताना लख्ख आठवलं.

तरी पेकबद्दल मी थोडा अडून बसतो. गोष्टीतला नको म्हणणारा माणूस चालतो कारण आजीचा आवाज त्याला भरून काढतो. पडद्यावर ते नटाला करावं लागतं आणि त्यासाठी त्याला काहीतरी हातात द्यावं लागतं. नको म्हणायलाही आतून काहीतरी ओढ पाहिजे ना, एकदा तरी हात त्या सोन्याकडे जायला पाहिजे. दरीत शिरल्यावर सगळे वेड्यासारखे सोनं उकरतायत आणि पेक इंगाला घेऊन निसटायच्या वाटा बघतोय. त्या जागी मला त्याचा चेहरा दोन मिनिटं बघायचा होता. दिसला नाही.

जुनीरीळ, हाय नूनचा धागा जबरदस्त. पेकने नाकारला होता हे माहीत होतं पण ह्या तिघांना असं एका ओळीत लावून कधी बघितलं नव्हतं.

सागवान

मी फिनिक्सला राहते, मूळची नाशिकची. तो सावलीचा सुळका मी प्रत्यक्ष बघितलाय म्हणून लिहिते.

सिनेमात त्याला शेकिंग रॉक म्हणतात पण त्याचं खरं नाव स्पायडर रॉक. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात कॅन्यन डी शे म्हणून दरी आहे, तिथे. साधारण साडेसातशे ते आठशे फूट उंच, खालून दोन जुळे सुळके एकमेकांना टेकून वर आल्यासारखे. दक्षिण कड्यावरून रस्ता जातो, शेवटी थोडं चाललं की कठडा येतो आणि खाली एकदम तो दिसतो. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, सावली आखूड होती. कोणी बोलत नव्हतं, खाली दरीत कुठेतरी कुत्रं भुंकलं ते स्पष्ट ऐकू आलं. कारण खाली माणसं राहतात! आजही राहतात, शेती करतात, मका लावतात. दरीत उतरायचं तर नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ जमातीचा, गाईड लागतो.

आणि हाच मुद्दा आहे जो मला सिनेमा बघताना टोचत राहिला. ती जागा अपाचींची नाही, नवाहोंची आहे. त्यांच्याकडे गोष्ट आहे की स्पायडर वुमन, म्हणजे कोळीणबाई, त्या सुळक्याच्या टोकावर राहते, तिने नवाहो बायकांना माग चालवायला शिकवलं. सिनेमाची कथा १८७४ मधे घडते. त्याच्या फक्त दहा वर्षं आधी, १८६४ च्या हिवाळ्यात, किट कार्सनच्या फौजा ह्याच दरीत घुसल्या होत्या. घरं जाळली, मेंढरं मारली, पीचच्या बागा होत्या त्या तोडून टाकल्या. हजारो नवाहोंना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोत नेलं, कित्येक वाटेतच गेले. चार वर्षांनी त्यांना परत यायला मिळालं. त्या दरीत खरंच काहीतरी दडलेलं होतं, पण ते सोनं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट पायाखाली असताना त्यावर घोडे दौडवले आणि प्लास्टरचे डोंगर पाडले ह्याचं मला वाईट वाटतं.

नटांचंही तेच. हाचिता म्हणजे टेड कॅसिडी, टीव्हीवरच्या अ‍ॅडम्स फॅमिलीमधला उंच नोकर. हेशकी म्हणजे ज्युली न्यूमार, बॅटमॅनमधली कॅटवूमन. दोघांनाही रंग फासून अपाची केलंय आणि संवाद जवळजवळ दिलेलेच नाहीत. मला ज्युली न्यूमारचं फार वाईट वाटलं, तिच्या वाट्याला मत्सर आणि तो पाण्यातला सीन, बस.

जुनीरीळ

सागवान, फार महत्त्वाचं लिहिलंत. १८६४ चं मला माहीत नव्हतं.

नटांवरून आठवलं, सुरुवातीचा म्हातारा अपाची, प्रेअरी डॉग, तो नट एदुआर्दो चानेल्ली, जन्माने इटालियन. हाच माणूस १९३९ च्या गंगा दिनमधे ठगांचा गुरू झाला होता. म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्याला आपल्यातला करून दाखवलं होतं आणि इथे अपाची. हॉलिवूडच्या दृष्टीने परका म्हणजे परका, कुठला का असेना.

अ‍ॅडम्सची दंतकथा मात्र खरी आहे, म्हणजे दंतकथा म्हणून खरी. लॉस्ट अ‍ॅडम्स डिगिंग्ज म्हणतात. न्यू मेक्सिकोत १८६० च्या दशकात अ‍ॅडम्स नावाचा माणूस काही सोबत्यांना घेऊन एका दरीत गेला, सोनं सापडलं, अपाचींनी हल्ला केला, तो वाचला, आणि मग उरलेलं आयुष्य ती दरी शोधत राहिला पण सापडली नाही. लोक त्याच्यानंतरही शोधत राहिले. ह्यावर विल हेन्रीची कादंबरी आली १९६३ ला, तिच्यावरून सिनेमा. मला तर वाटतं सगळ्यात चांगला सिनेमा त्या म्हाताऱ्या अ‍ॅडम्समधे होता. एडवर्ड रॉबिन्सन शेकोटीपाशी बसून आपली कथा सांगतो, डोळे गेलेत, चेहरा नुसता आवाजाच्या दिशेने वळवतो, तेवढी दोन-तीन मिनिटं मी हललो नाही. तेवढ्यात एक पूर्ण आयुष्य दिसतं.

फळा_आणि_खडू

भूगोल शिकवतो म्हणून सावलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिनेमात पहाटे सूर्य उगवतो आणि सुळक्याची सावली लांब लांब होत जाऊन समोरच्या कड्यावर पोचते. खऱ्या आयुष्यात बरोब्बर उलटं होतं. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा सावली सगळ्यात लांब, आणि तो वर चढेल तशी ती सुळक्याच्या पायाकडे आखडत येते. म्हणजे रस्ता दाखवायचाच असेल तर सावली आधी कड्यावर पडलेली असेल आणि मग तिथून खाली उतरून मागे येईल. लांब होत जाणारी सावली ही संध्याकाळची.

भरदुपार, तुमच्या बाबांनी टॉर्च खाली आणला होता असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे त्यांनी सूर्यास्त केला होता. सिनेमातली पहाट चुकली होती, बाबांची संध्याकाळ बरोबर होती. मी उद्याच नववीच्या वर्गात हा प्रयोग करणार आहे, पडदे लावून, बाटली आणि टॉर्च घेऊन.

भरदुपार

सर, हे वाचून मी उठून बहिणीला फोन केला. तिला सांगितलं, बाबा बरोबर होते. ती रडायलाच लागली.

रानवारा

मी वेस्टर्नचा जुना किडा, त्यामुळे जरा वेळ बघून लिहितोय. १९६९ साल लक्षात घ्या. त्याच वर्षी वाइल्ड बंच आला, बुच कॅसिडी आला, जॉन वेनला ट्रू ग्रिटसाठी ऑस्कर मिळालं ते त्याच वर्षीच्या सिनेमाला. लिओनीचा वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट आदल्या वर्षीचा. म्हणजे वेस्टर्न ह्या प्रकाराची पूर्ण उलथापालथ चालली होती आणि त्यात हा सिनेमा दहा वर्षं जुन्या पद्धतीने थाटामाटात उभा केलेला. तिथल्या लोकांना तो आला तेव्हाच शिळा वाटला असणार. शूटिंग खरं १९६७ चं. अमेरिकेतल्या फिल्म शिकणाऱ्या काही पोरांना तेव्हा शूटिंगवर छोट्या फिल्म बनवायला बोलावलं होतं, त्यात एक पुढे स्टार वॉर्स करणारा जॉर्ज लुकस होता. बाकीच्यांनी दिग्दर्शकावर, घोड्यांच्या माणसावर वगैरे केल्या, ह्याने वाळवंटाचीच केली. ढग, वारा, दगड, आणि लांब कुठेतरी मुंगीएवढं शूटिंगचं युनिट. त्या पोराला त्या जागेत जे दिसलं ते एवढा पैसा ओतणाऱ्यांना दिसलं नाही.

पण भरदुपार, तुम्ही पेकसाठी नाराज आहात तर मी तुम्हाला दोन सिनेमे सांगतो, मॅकेनाज गोल्डची चव जाईल.

पहिला गनफायटर, १९५०. पेकला जाड मिशी आहे, स्टुडिओवाले त्या मिशीवर चिडले होते, म्हणे मिशीमुळेच सिनेमा पडला. जिमी रिंगो हा नाव झालेला बंदूकबाज एका गावातल्या दारूच्या दुकानात येऊन बसतो. त्याला फक्त बायकोला आणि मुलाला एकदा भेटायचंय. बाहेर शाळेतली पोरं खिडकीला नाकं लावून बघतायत, कुठलातरी कोवळा उपटसुंभ त्याला मारून नाव कमवायला टपलाय, आणि भिंतीवर घड्याळ. पेक जवळजवळ पूर्ण वेळ खुर्चीत बसून आहे. तुम्ही म्हणता ना इथे तो नुसता उभा आहे, तिथे तो नुसता बसलाय आणि तुमची नजर हलत नाही, कारण त्याला काय पाहिजे हे तुम्हाला माहितीये आणि ते त्याला मिळणार नाही हेही दिसतंय.

दुसरा बिग कंट्री, १९५८, विल्यम वायलरचा. पेक पूर्वेकडून आलेला जहाजाचा कप्तान आहे. रांचवर ओल्ड थंडर नावाचा माजलेला घोडा आहे, नवीन माणूस आला की त्याला त्यावर बसवायचं आणि पडला की सगळ्यांनी हसायचं अशी तिथली रीत. पेक सगळ्यांसमोर शांतपणे नको म्हणतो. सगळ्यांना वाटतं घाबरला. मग एके दिवशी सगळे बाहेर गेलेत हे बघून तो तो घोडा बाहेर काढतो. पडतो, उठतो, पडतो, पुन्हा उठतो. बघायला फक्त रॅमोन नावाचा नोकर. शेवटी घोडा वळतो, आणि पेक रॅमोनला सांगतो हे कोणाला बोलू नकोस. मावळतीकर काका म्हणतात तो नको म्हणणारा माणूस, तो असा असतो. त्याच्या नको म्हणण्याच्या मागे काय आहे ते आपल्याला दिसतं.

मावळतीकर

रानवारा, बिग कंट्री मी बघितलाय पण फार वर्षांपूर्वी, घोड्याचा सीन तुम्ही सांगितल्यावर डोळ्यासमोर आला. चार्लटन हेस्टनबरोबरची मारामारी पण त्यातलीच ना? पहाटेच्या अंधुक उजेडात, लांबून घेतलेली, दोन ठिपके एकमेकांना मारतायत आणि भोवती नुसतं माळरान. तिथेही बघायला कोणी नाही.

बरं, माझं मत थोडं बदललं हे कबूल करतो. पेक दगडासारखा स्थिर आहे हे मी म्हटलं, पण बिग कंट्रीतला स्थिर आणि मॅकेनातला स्थिर ह्यात फरक आहे. तरी शिट्ट्या मात्र मी विसरणार नाही. पाचशे माणसं एकाच वेळी त्या थैलीकडे बोट दाखवतायत हे तुम्हाला घरच्या टीव्हीवर नाही मिळणार.

सागवान

काका, ते मात्र खरंय. आम्ही इथे घरी एकटेच बघतो.

भरदुपार

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कराडला गेलो होतो.

बाबांना सांगितलं. जेवताना सांगितलं की मी मॅकेनाज गोल्ड बघितला. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं सावली फार पटकन जाते हो. ते थोडा वेळ भात कालवत राहिले आणि म्हणाले, पटकनच जाते. तिकडे मोठा पडदा होता, मला पुरली होती, पण तुम्ही दोघं लहान होता, तुम्हाला नीट दिसली पाहिजे म्हणून मी टॉर्च सावकाश आणायचो.

मग फळा_आणि_खडू सरांचं सांगितलं, की टॉर्च खाली आणणं बरोबर होतं, सिनेमाची पहाट चुकीची होती. त्यावर ते आईला हाक मारून म्हणाले, ऐकलंस का गं, मास्तर म्हणतायत मी बरोबर होतो.

रविवारी दुपारी बिग कंट्री लावला. मोठा आहे, पावणेतीन तास, मला वाटलं बाबा झोपतील. झोपले नाहीत. ओल्ड थंडरचा सीन आला तेव्हा पुढे सरकून बसले. पेक चौथ्यांदा का पाचव्यांदा पडला आणि उठून पुन्हा घोड्याकडे गेला तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "अरे थांब, आधी त्याला हुंगू दे तुला." आजोबांकडे बैल होते, त्यामुळे माजलेल्या जनावराजवळ कसं जायचं ते त्यांना माहितीये. सीन संपल्यावर म्हणाले, परत लाव. परत लावला.

गच्चीच्या कठड्याची चीर सिमेंटने बुजवलीये, गिलावा केला तेव्हा. कुठे होती ते बाबांनी दाखवलं.